नर्सिंगचा शोधलेख सापडत नाही? विषय बदलण्याआधी आणि पैसे भरण्याआधी हे तपासा

प्रकल्पाचे दिवस आले की ग्रंथालयातल्या माझ्या टेबलासमोर बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या पोरी एकच वाक्य घेऊन उभ्या राहतात: "मॅडम, काहीच येऊन नाही राहिलं." आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात आहे, पण वर्धा, चंद्रपूर, अमरावतीकडच्या ग्रंथपालांशी बोललं तर त्यांच्याकडेही हेच. बिघाड दरवर्षी तोच आणि कारणंही ठरलेली, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

आधी लक्षणं. तुमची तक्रार यांतली कोणती ते ओळखा:

- विषय टाकला की शून्य निकाल, किंवा दोन-तीन, तेही भलतेच.
- हजारोंनी निकाल, पण पहिल्या दोन पानांत कामाचं काही नाही.
- काल याच शब्दांवर लेख येत होते, आज येत नाहीत.
- शीर्षक आणि गोषवारा दिसतो, पण पीडीएफवर बोट ठेवलं की डॉलरमध्ये पैसे मागतं.
- कॉलेजात उघडतं. गावी किंवा पीएचसीच्या पोस्टिंगवर उघडत नाही.
- लेख मिळाला, पण गाइड म्हणतात, "हा रिसर्च आर्टिकल नाही."
- संदर्भ पूर्ण लिहिलेला आहे, पण तो लेख कुठेच सापडत नाही.

आता तपासण्या. फुकटातल्या आणि मिनिटभराच्या आधी घेतल्या आहेत, वेळखाऊ नंतर.

फिल्टर पुसा

पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायच्या फुकट साइटवर, एकदा लावलेला फिल्टर तुम्ही काढेपर्यंत पुढच्या प्रत्येक शोधाला लागू राहतो. कोणीतरी 'फ्री फुल टेक्स्ट' आणि 'एक वर्ष' लावून उठलं, की त्याच संगणकावर पुढे बसणाऱ्या मुलीला अर्ध्याहून जास्त साहित्य दिसतच नाही. मोबाइलवर तर फिल्टरची यादी डोळ्यांसमोरही नसते. निकालांच्या वर फिल्टर लागल्याची पट्टी दिसते का बघा आणि सगळे पुसून टाका. 'काल येत होतं' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच निघतं.

सिनाहलमध्ये (नर्सिंगचा वर्गणीचा डेटाबेस) हीच गोष्ट 'फुल टेक्स्ट' या चौकोनाची. तिथे खूण केली की त्या डेटाबेसमध्येच पीडीएफ असलेले लेख तेवढे दिसतात. जो लेख जर्नलच्या स्वतःच्या साइटवर फुकट पडलेला आहे, तोही लपतो. शोधताना हा चौकोन रिकामा ठेवा. पीडीएफची काळजी नंतर करायची.

ओळखीचा लेख शोधून बघा

बिघाड तुमच्या शब्दांत आहे की डेटाबेसच्या बाजूला, हे या एका तपासणीत कळतं. जो लेख आहेच याची खात्री आहे, तो शोधा. आपल्याकडे त्यासाठी गडचिरोलीचा लेख आहे: डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी 1999 साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेली, घरी जाऊन केलेल्या नवजात बालकांच्या देखभालीची चाचणी. 39 गावांत देखभाल दिली, 47 गावांशी तुलना केली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला. पबमेडच्या खिडकीत इंग्रजीत 'बंग', 'निओनेटल', 'होम-बेस्ड' एवढं टाका.

लेख आला तर नेट, साइट, फिल्टर सगळं ठीक आहे. पुढचे तीन मुद्दे नीट वाचा. नाही आला तर आधी फिल्टर, स्पेलिंग आणि तुम्ही खरंच पबमेडवर आहात का ते बघा.

सिनॉप्सिसचं शीर्षक खिडकीत टाकू नका

शून्य निकालांचं सगळ्यात मोठं कारण हेच. सिनॉप्सिस, म्हणजे प्रकल्पाचा आराखडा, त्यातल्या आपल्या शीर्षकांचा साचा सगळ्यांना पाठ आहे: 'अ स्टडी टू असेस द इफेक्टिव्हनेस ऑफ स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम ऑन नॉलेज रिगार्डिंग सिकल सेल ॲनिमिया अमंग ॲडोलसंट गर्ल्स इन सिलेक्टेड स्कूल्स ऑफ यवतमाळ डिस्ट्रिक्ट.' पोरी हे अख्खं चिकटवतात. पबमेड त्यातले 'ऑफ', 'ऑन', 'इन' असे शब्द सोडून देतं आणि उरलेला प्रत्येक शब्द लेखात असलाच पाहिजे असं धरतं. 'सिलेक्टेड'ही हवा, 'असेस'ही हवा, 'यवतमाळ'ही हवा. एवढ्या अटी पाळणारा लेख कुठून येणार?

कागद घ्या आणि शीर्षकातून फक्त तीन गोष्टी बाहेर काढा: कोणावर, कशाबद्दल, काय केलं. वरच्या उदाहरणात किशोरवयीन मुली, सिकल सेल, आरोग्यशिक्षण. 'स्टडी', 'असेस', 'इफेक्टिव्हनेस', 'सिलेक्टेड' यांच्यावर सरळ काट मारा. ते आपल्या साच्यातले शब्द आहेत, विषयातले नाहीत. 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम' हा शब्दप्रयोगही मुख्यतः आपल्याकडचा. बाहेरचे संशोधक त्याच कामाला 'हेल्थ एज्युकेशन' किंवा 'एज्युकेशनल इंटरव्हेन्शन' म्हणतात.

गावाचं आणि जिल्ह्याचं नाव काढा

विदर्भ, मेळघाट, धारणी, अहेरी: ही नावं पहिल्या शोधात नकोत. लेख यवतमाळात झालेला असला तरी शीर्षकात 'सेंट्रल इंडिया' किंवा 'रूरल इंडिया' लिहिलेलं असतं. बंगांच्या लेखाच्या शीर्षकातही गडचिरोली नाही, 'रूरल इंडिया' आहे. जिल्ह्याचं नाव गोषवाऱ्यात येतं. आधी जागेशिवाय शोधा. निकाल फार आले तर 'इंडिया' जोडा. जिल्ह्याचं नाव अगदी शेवटी, वेगळ्या शोधात.

दुसरंही कारण आहे. 2017 साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या विषयावर काम करायचं म्हणून फक्त 'यवतमाळ' शोधलं तर हाती फार थोडं लागतं. कीटकनाशक हाताळणाऱ्यांच्या संरक्षणावर जगभर काम झालेलं आहे, आणि साहित्याचा आढावा त्यातूनच उभा राहतो.

शब्द बदला: संशोधक या गोष्टीला काय म्हणतात?

इथे थोडं थांबून वाचा. चांगल्या आणि वाईट आढाव्यातला फरक इथे पडतो.

एखाद्या मुलीचा विषय असतो, आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी दिलेल्या भेटी. ती 'आशा' टाकते, फार तर 'आशा वर्कर' टाकते, आणि गडचिरोलीचा लेख तिला कधीच दिसत नाही. कारण उघड आहे: आशा योजना आली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत, 2005 मध्ये. 1999 च्या लेखात तो शब्द असणारच नाही. तिथे 'व्हिलेज हेल्थ वर्कर' आहे. दुसऱ्या लेखात 'ले हेल्थ वर्कर' असेल, तिसऱ्यात 'कम्युनिटी हेल्थ वर्कर'. ज्या कामाच्या पायावर आज आशाताई घरोघर बाळं तपासतात, तेच काम तिच्या आढाव्यातून सुटतं.

यावर उपाय म्हणजे मेश. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने तयार केलेली ही विषयशीर्षकांची यादी आहे. मेडलाइनमधल्या (हा पबमेडचा मुख्य भाग) प्रत्येक लेखाला त्यातली ठरावीक शीर्षकं लावतात, मग लेखकाने शब्द कोणताही वापरलेला असो. वरच्या सगळ्या कार्यकर्त्यांसाठी 'कम्युनिटी हेल्थ वर्कर्स' हे शीर्षक आहे. सिकल सेल तिथे 'ॲनिमिया, सिकल सेल' अशा उलट्या क्रमाने आहे. सर्पदंश 'स्नेक बाइट्स', दोन वेगळे शब्द. पबमेडच्या मुख्य पानावर मेश डेटाबेसची लिंक आहे. तिथे आपला शब्द टाकला की अधिकृत शीर्षक आणि खाली त्याची पर्यायी नावं येतात. ती यादी वहीत उतरवून घ्या, पुढे फार उपयोगी पडते. सिनाहलची शीर्षकांची यादी वेगळी आहे, तिला सिनाहल हेडिंग्ज म्हणतात. एकीकडचं शीर्षक दुसरीकडे जसंच्या तसं चालेल असं धरू नका.

पण निव्वळ मेशवरही थांबू नका. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना मेश शीर्षकं नसतात. म्हणून प्रत्येक कल्पनेसाठी शीर्षक आणि साधे शब्द, दोन्ही घ्यायचे. स्पेलिंगही दोन्ही घ्या: ॲनिमिया, पीडिएट्रिक, लेबर यांची ब्रिटिश स्पेलिंग वेगळी, अमेरिकन वेगळी. आपण शाळेत ब्रिटिश शिकलो आणि मेश अमेरिकन आहे.

पबमेडने तुमचे शब्द कसे वाचले तेही बघता येतं. 'ॲडव्हान्स्ड'वर जा, तुमच्या शोधाच्या ओळीतलं 'डिटेल्स' उघडा. 'नर्सिंग' हा शब्द टाकून एकदा बघाच. पबमेड त्यात स्तनपानाचं शीर्षकही जोडतं, कारण इंग्रजीत त्या शब्दाचा तोही अर्थ आहे. भलतेच निकाल का येत होते ते तिथल्या तिथे कळतं. परिचारिकांबद्दलच हवं असेल तर 'नर्सेस' घ्या. किंवा इंग्रजी 'नर्स'मधली शेवटची 'ई' काढून तारांकन लावा. मग नर्स, नर्सेस, नर्सिंग सगळं येतं आणि ही आपोआप होणारी जोडणीही बंद होते. अवतरणचिन्हांत शब्द घातले तरी ती बंद होते, एवढं लक्षात ठेवा.

जोडशब्द आणि कंस

एकाच कल्पनेचे पर्याय 'ऑर'ने जोडायचे आणि कंसात ठेवायचे. वेगवेगळ्या कल्पना 'अँड'ने. पबमेडमध्ये हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांतच टाका. रचना अशी दिसते (इथे देवनागरीत लिहिते, खिडकीत इंग्रजीत टाका):

(सिकल सेल डिसीज ऑर सिकल सेल ॲनिमिया) अँड (ॲडोलसंट ऑर टीनेजर ऑर स्कूल) अँड (हेल्थ एज्युकेशन ऑर नॉलेज)

कंस का लागतात? पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. कंस नसले तर शेवटचा 'ऑर' सगळी आधीची गाळणी मोडून टाकतो आणि हजारो निकाल अंगावर येतात. 'नॉट' शक्यतो वापरूच नका. 'नॉट मेल' केलं की ज्या लेखात मुलं-मुली दोन्ही आहेत तेही जातात.

एक चांगला लेख हाती लागला की त्याच्या पानावरचे 'सिमिलर आर्टिकल्स' आणि 'साइटेड बाय' उघडा. तीन कामाचे लेख असतील तर दहा तिथूनच निघतात.

डेटाबेस बरोबर आहे का?

पबमेड फुकट आहे, घरून चालतं, पण ते मुळात वैद्यकाचं आहे. नर्सिंगसाठी खास बांधलेला डेटाबेस सिनाहल. रुग्णाचा अनुभव, नर्सिंग शिक्षण, कामाचा ताण असे विषय पबमेडमध्ये पातळ लागले तर सिनाहलमध्ये बघा. त्याला संस्थेची वर्गणी लागते. आपल्या कॉलेजात आहे का ते ग्रंथपालांना विचारा. नसेल तर सेवाग्रामला किंवा नागपूरला मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन बसता येतं का, याची आपल्या कॉलेजमार्फत चौकशी करा. पत्र घेऊन जा, आयत्या वेळी गेट अडतं.

भारतातली बरीच नर्सिंग जर्नल्स मेडलाइनमध्ये नाहीत. तेव्हा पबमेडमध्ये दिसलं नाही म्हणजे भारतात काम झालंच नाही, असं आढाव्यात लिहू नका. गुगल स्कॉलरवर बघा, पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन साठा) बघा. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनचं 'द नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' 1910 पासून निघतं. जुने अंक ग्रंथालयाच्या कपाटात असतील तर छापील वार्षिक सूची हाताने चाळा. तेही शोधणंच आहे.

पैसे मागतंय: भरू नका

पीडीएफ मिळवायच्या वाटा या क्रमाने बघा. पबमेडच्या पानावर उजवीकडे पीएमसीचं (पबमेड सेंट्रल, पूर्ण लेखांचा फुकट साठा) चिन्ह आहे का. असेल तर पूर्ण लेख फुकट. नसेल तर गुगल स्कॉलरवर शीर्षक टाकून 'ऑल व्हर्जन्स' उघडा. लेखकाच्या संस्थेने ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथे असते. कॉक्रेन या संस्थेचा (ती उपचारांवरच्या संशोधनाचे पद्धतशीर आढावे काढते) आढावा असेल तर प्रसिद्ध होऊन बारा महिने झाले की तो सहसा खुला होतो. नाहीच मिळालं तर पत्रव्यवहाराच्या लेखकाला साधी, नम्र ईमेल लिहा: तुम्ही कोण, कॉलेज कोणतं, कोणता लेख, कशासाठी. शास्त्रज्ञ आपले लेख विद्यार्थ्यांना देतात. आणि तुमचं ग्रंथालय डेलनेटचं, म्हणजे ग्रंथालयांच्या जाळ्याचं, सभासद असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवता येते.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे संस्थांसाठी जर्नल्सची वर्गणी सरकारने एकत्र भरायची योजना, हिच्याबद्दल गैरसमज होतो. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ही योजना मंजूर केली: 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 ई-जर्नल्स. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. खाजगी नर्सिंग कॉलेजच्या मुलीला 'आमचं लॉगिन चालत नाही' असं वाटतं, तेव्हा तिचं कॉलेज मुळात योजनेतच नसतं. आपल्या भागात खाजगी कॉलेजं जास्त, म्हणून हे आधी विचारून घ्या.

कॉलेजात उघडतं, बाहेर नाही

वर्गणीचे डेटाबेस बहुधा कॉलेजच्या नेट-पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून, तुम्हाला ओळखतात. मोबाइलच्या डेटावर तो पत्ता बदलतो, म्हणून दार बंद. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर कॉलेजच्या वायफायवरही बंद. आधी ते बंद करा. घरून वापरायचं तर संस्थेचं दूरस्थ लॉगिन लागतं आणि त्याच पानावरून आत जावं लागतं. गुगलवरून थेट लेखावर गेलात तर प्रकाशकाला तुम्ही कोण ते कळतच नाही.

पोस्टिंगवर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच लेख उतरवून फोनमध्ये ठेवा. आत गेलेल्या उपकेंद्रांत टॉवर मिळेल याचा भरवसा नसतो, आणि लाइन गेली की टॉवरही जातो.

हा रिसर्च आर्टिकल आहे का?

सिनाहलमध्ये 'पीअर रिव्ह्यूड' आणि 'रिसर्च आर्टिकल' हे दोन वेगळे चौकोन आहेत, दोन्हींवर खूण करा. तज्ज्ञांनी तपासलेल्या जर्नलमध्येही संपादकीय, पत्रं, पुस्तक-परीक्षणं येतात. पबमेडमध्ये पीअर रिव्ह्यूचा फिल्टरच नाही, तेव्हा लेख उघडून बघावा लागतो: नमुना किती, पद्धत काय, निकाल कोणते, मर्यादा लिहिल्या आहेत का. पद्धतीचा भागच नसेल तर तो लेख आढाव्यात घालू नका. वर लाल अक्षरांत 'रिट्रॅक्टेड' दिसलं तर तोही सोडा.

जर्नलची पारख करायला यूजीसी-केअरची (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नल्सची) यादी वापरा असं अजून सांगितलं जातं. ती फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. आता संपादक मंडळ, पत्ता आणि डीओएजेमधली (खुल्या जर्नल्सची सूची) नोंद स्वतः तपासा.

संदर्भ आहे, लेख नाही

हे लक्षण अलीकडे फार वाढलं आहे. चॅटबॉटला 'दहा संदर्भ दे' म्हटलं की तो लेखक, वर्ष, पानं सगळं देतो आणि त्यातले काही लेख अस्तित्वातच नसतात. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, डीओआय डॉट ओआरजीवर टाका. उघडला नाही, किंवा भलताच लेख उघडला, तर जर्नलच्या साइटवर तो खंड आणि ती पानं बघा. तिथेही नसेल तर संदर्भ काढून टाका. हा आढावा उद्या कोणाच्या तरी वॉर्डातल्या कामाचा आधार होणार आहे. नसलेल्या लेखावर रुग्णाची शुश्रूषा उभी करू नका.

कुठे थांबायचं आणि कोणाला गाठायचं

एकापेक्षा जास्त जणींचं लॉगिन एकाच वेळी बंद पडलं, तर तुम्ही काही करू नका, ग्रंथपालांना सांगा. कॉलेजने ब्रॉडबँड बदललं की आयपी बदलतो आणि नवा पत्ता प्रकाशकाला कळवेपर्यंत सगळ्यांना दार बंद राहतं. हे विद्यार्थ्याच्या हातातलं काम नाही.

वरच्या शब्दांच्या आणि कंसांच्या तपासण्या करूनही दोन वेगळ्या डेटाबेसमध्ये काही लागलं नाही, तर गाइडकडे जा. तिथे प्रश्न शोधाचा राहत नाही, विषयाच्या मांडणीचा असतो. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरलेल्या पद्धतीने गोळा करून काढलेला आढावा) करणार असाल तर पहिल्या दिवसापासून प्रशिक्षित वैद्यकीय ग्रंथपाल सोबत हवा; ती शोधरचना एकट्याने करण्याची गोष्ट नाही. आणि कोणी 'पाच हजारांत आढावा करून देतो' म्हणालं तर तिथल्या तिथे नाही म्हणा. तसे आढावे माझ्या टेबलावर आलेले आहेत. त्यातले संदर्भ शोधायला बसलं की एकामागून एक गळतात, आणि व्हायवाला उभी राहते ती मुलगी.

ग्रंथपालांकडे येताना एवढं लिहून आणा: विषय एका वाक्यात, कोणत्या डेटाबेसमध्ये शोधलं, जे शब्द टाकले ते जसेच्या तसे, लावलेले फिल्टर, आणि एररचा संदेश आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालतं.